ट्रेलरची फळी, तिचा तळ आणि भुंगा

बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरखाली जमिनीवर पिवळसर भुशाची छोटी रास दिसली की तिच्या बरोबर वर, बोट ज्यावर टेकते त्या लाकडी फळीच्या तळाला, एक भोक असतं. करंगळी जेमतेम जाईल एवढं, १२ ते १३ मिलिमीटरचं आणि ड्रिलने पाडल्यासारखं अचूक गोल. भोकाच्या आसपास तपकिरी-पिवळे ओघळ असतील तर तिथे कोणी राहतंय असं समजावं. ते ओघळ म्हणजे भुंग्याची विष्ठा.

बरेच जण अशा वेळी फळीला वरून वॉर्निशचा एक जास्तीचा हात मारतात आणि भोकात लांबी (पुट्टी) भरून मोकळे होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत. भुंगा येतो खालून. फळीचा तळ आणि तिची दोन टोकं एवढंच त्याच्या दृष्टीने कामाचं असतं, आणि बहुतेक ट्रेलरांवर नेमके हेच भाग उघडे ठेवलेले असतात.

भुंगा म्हणजे कोण

आधी नावाचा घोळ मिटवू. भुंगेरा वेगळा, भुंगा वेगळा. भुंगेऱ्याच्या पाठीवर कडक कवच असतं. भुंगा हा मधमाशीचा थोराड भाऊबंद. त्याला पारदर्शक किंवा निळसर झाक असलेले चार पंख असतात, अंगाने तो काळा आणि जाडजूड असतो. पोट गुळगुळीत, चकचकीत दिसतं. सारख्याच आकाराची पण पोटावर दाट लव असलेली माशी दिसली तर ती भ्रमरमाशी (बंबलबी), वेगळी माशी. ती लाकडाच्या वाटेला जात नाही. शास्त्रात भुंग्याच्या प्रजातीला झायलोकोपा म्हणतात, म्हणजे लाकूड कापणारी. जगभरात त्याच्या सुमारे ५०० जाती आहेत.

तोंडासमोर येऊन घोंघावणारा, अंगावर धावून येणारा असतो तो नर. त्याला नांगीच नसते, त्यामुळे तो नुसता दम देतो. मादीला नांगी असते, पण ती हातात धरल्याशिवाय किंवा दाबली गेल्याशिवाय सहसा डसत नाही. भोक पाडण्याचं काम मात्र पूर्णपणे मादीचं.

ती लाकूड खात नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर अवलंबून आहेत. तिचं अन्न मध आणि पराग. लाकूड तिला फक्त घरासाठी हवं असतं. जबड्याने ती लाकूड कुरतडते आणि भुसा बाहेर टाकते. आधी तंतूंना आडवी जाते, दोन ते पाच सेंटिमीटर. हा भाग सर्वांत कष्टाचा. अडीच सेंटिमीटर कोरायला पाच-सहा दिवस लागू शकतात. मग काटकोनात वळून ती तंतूंच्या दिशेने बोगदा नेते, साधारण १० ते १५ सेंटिमीटर. बोगद्याच्या शेवटाला परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, मग चघळलेल्या भुशाचा पडदा. पुन्हा गोळा, अंडं, पडदा. असे सहा-आठ कप्पे होतात. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून नवा भुंगा, याला दीड-दोन महिने लागतात.

खरा त्रास पुढच्या हंगामात सुरू होतो. नवी पिढी नवं घर खोदण्यापेक्षा जुनंच वाढवते. तोच बोगदा लांबवला जातो, त्याला फाटे फुटतात आणि बाहेरून मात्र भोक एकच दिसतं. शिवाय अळ्यांचा आवाज ऐकून सुतारपक्षी येतो आणि बोगद्याच्या रेषेत फळीच फोडून काढतो. भुंग्याने वर्षभरात केलं नसेल एवढं नुकसान तो एका सकाळीत करतो.

फळीच का, आणि तळच का

भुंग्याला लागतं कोरडं, मेलेलं, मऊसर आणि रंग न दिलेलं लाकूड. पाइन, सिडार, सायप्रस, फर ही त्याची आवडती. कठीण लाकडाला तो सहसा दुसरी पसंती देतो, पण उन्हापावसाने झिजलेलं लाकूड कठीण जातीचं असलं तरी सुरक्षित धरू नये. जागा सावलीतली, पावसाचं पाणी थेट न येणारी, आणि शक्यतो खाली तोंड असलेली. जुनं खिळ्याचं भोक, करवतीची खरबरीत कड, तडा, असं काही मिळालं तर सुरुवात सोपी होते.

आता ट्रेलरकडे बघा. बोटीचा तळ ज्या दोन किंवा चार लांब फळ्यांवर टेकतो त्यांना बंक म्हणतात. या फळ्या बहुधा मऊ लाकडाच्याच असतात, कारण तेच लाकूड सरळ, लांब आणि हलकं मिळतं. बोटीला ओरखडे जाऊ नयेत म्हणून वरून मरीन कार्पेट गुंडाळलेलं असतं. ते दोन्ही बाजूंनी खाली वळवून तळाला स्टेपल केलेलं असतं आणि मधे उघड्या लाकडाची एक पट्टी राहते. वर बोट, बोटीवर झाकण, म्हणजे सावली आणि कोरडेपणा आयताच. बोट महिनोन् महिने हलली नाही तर भुंग्याला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. बाजूचे मार्गदर्शक दांडे, चाकावरच्या पायरीची फळी, पुढच्या बाजूला नाळ (बोटीचं पुढचं टोक) टेकायचा लाकडी ठोकळा, यांचीही थोड्याफार फरकाने हीच कथा.

आठवड्याला पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला हा त्रास कमी होतो. ओलं लाकूड भुंग्याला नको असतं.

एका भोकाने काय बिघडतं

फळी दोन आधारांवर असते आणि मधे बोटीचं वजन येतं तेव्हा ती किंचित वाकते. वाकताना मधल्या भागात वरचे तंतू दाबले जातात, तळाचे ताणले जातात. लाकूड तुटायला सुरुवात होते ती बहुधा ताणाच्या बाजूने, आणि प्रवेशाचं भोक त्याच बाजूचे तंतू कापतं. नंतर बोगदा फळीचं पोट पोकळ करतो.

बाजारातली नेहमीची फळी ३८ × ८९ मिलिमीटर असते. ती आडवी बसवली असेल तर १३ मिलिमीटरचं भोक तिच्या रुंदीचा साधारण सातवा हिस्सा घेतं. तीच उभी, म्हणजे ३८ मिलिमीटरच्या कडेवर बसवली असेल तर तिसरा हिस्सा जातो. ट्रेलर उभा असताना हे चालूनही जाईल. रस्त्यावर खड्ड्यात चाक आदळलं की फळीवरचा भार क्षणभर कितीतरी वाढतो, आणि फळी तुटते ती अशाच वेळी. बोगदा बोल्टच्या भोकापर्यंत पोचला असेल तर बोल्टची पकडही जाते. त्यात पाण्यात उतरलेल्या ट्रेलरचा बोगदा पाण्याने भरतो, आतून वाळत नाही, आणि काही हंगामांत तिथे कुज धरते.

तपासणी

लांब दांड्याचा आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक फळीचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघावा. ब्रॅकेटच्या, म्हणजे फळी धरून ठेवणाऱ्या धातूच्या आधाराच्या, आजूबाजूला विशेष. भोक सापडलं की त्यात मऊ तार घालावी. ती दोन-तीन सेंटिमीटरवर अडली म्हणजे वळण आलं, टोक जरा वाकवून दोन्ही बाजूंना सरकवून बघावी. तार किती आत गेली ते मोजावं. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळीवर ठोकत जावं. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लगेच कळतो.

भोकं एक ते तीन मिलिमीटरची आणि भुसा पिठासारखा बारीक असेल तर तो घुणकिडा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. त्यांचे उपाय वेगळे. ते लाकूडच खातात.

ताजा भुसा फिकट, ताज्या लाकडाच्या रंगाचा असतो. जुना करडा पडतो. भोकाची कड उजळ आणि धारदार असेल तर काम चालू आहे. काळवंडलेली असेल तर घर जुनं आहे, पण जुनं म्हणजे रिकामं असं नाही. थंड प्रदेशात मोठे झालेले भुंगे हिवाळा जुन्या बोगद्यातच काढतात आणि ऊब आल्यावर बाहेर पडतात. उष्ण प्रदेशात ते वर्षातला बराच काळ चालते-फिरते असतात, म्हणून तिथे तपासणी हंगामावर सोडू नये. दोन महिन्यांतून एकदा पुरते.

भोक लगेच बुजवू नये

घाईने लांबी भरण्यात दोन चुका होतात. आत मादी किंवा नवी पिढी असेल तर ती दुसरीकडून कोरून बाहेर येते. एका भोकाची दोन होतात. आणि नुसती लांबी किंवा सिलिकॉन भुंग्याला काहीच कठीण नसतं.

घराच्या छपराच्या बाबतीत लोक भोकात कीटकनाशकाची भुकटी मारतात, काही दिवस भोक उघडं ठेवतात म्हणजे ये-जा करताना भुंग्याच्या अंगाला ती लागते, आणि मग भोक बंद करतात. छपरासाठी हे ठीक. ट्रेलर मात्र पाण्यात उतरतो. या कामासाठी मिळणारी परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीची औषधं मासे आणि पाण्यातल्या जिवांना अगदी अल्प प्रमाणातही घातक आहेत. बंकवर ती फवारून बोट पाण्यात सोडणं हा शुद्ध अविचार आहे.

शिवाय गरजही नाही. छप्पर उतरवता येत नाही, ट्रेलरची फळी चार-सहा बोल्ट काढले की हातात येते. पोखरलेली फळी संध्याकाळी, भुंगे शांत असताना, काढावी आणि ट्रेलरपासून लांब नेऊन टाकावी. पिढी तिथे बाहेर पडेल. ट्रेलरशेजारी मात्र टेकवून ठेवू नये. भुंगे आपल्या जन्मघराकडे परत येतात. दूरच्या कोपऱ्यात टांगून ठेवली तर उलट त्यांना तिकडे गुंतवून ठेवायला ती कामी येऊ शकते. परागीभवनात भुंग्याचा वाटा मोठा आहे, कृष्णफळासारख्या पिकाचं तर बरंचसं काम तोच करतो. तो आपल्या फळीत नको, एवढंच आपलं म्हणणं.

फळी ठेवायचीच असेल, म्हणजे भोक एकच आहे, आधाराजवळ आहे आणि बोगदा छोटा आहे, तर हंगाम संपेपर्यंत थांबावं. नवे भुंगे बाहेर पडून गेले आणि थंडीसाठी परत यायचे आहेत, त्या मधल्या दिवसांत भोक बंद करावं. तारेने आत कोणी नाही याची खात्री करावी, बोगदा खरवडून साफ करावा, दाट केलेलं इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारा गोंद) पिचकारीने आत भरावं. इपॉक्सी ओलं असतानाच १२ किंवा १३ मिलिमीटरची लाकडी खुंटी ठोकून बसवावी, वाळल्यावर कापून सपाट करावी आणि वर रंग द्यावा. तारेचा चोथा भरायचा असेल तर स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा. साधा लवकरच गंजून भुगा होतो, तांब्याचा अल्युमिनियमच्या बोटीला मारक.

दोन आधारांच्या मधोमध भोक, किंवा एका फळीत दोनपेक्षा जास्त भोकं असतील तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. बोटीच्या मानाने फळी किरकोळ वस्तू आहे.

नवी फळी कोणत्या लाकडाची

दाब देऊन औषध मुरवलेलं लाकूड भुंग्याला कमी आवडतं, म्हणून ते घ्यावं हा सल्ला सर्रास मिळतो. फायबरग्लासच्या बोटीला चालेल. पण आजची बहुतेक औषधं तांब्याची आहेत, आणि ओल्या कार्पेटमधून तांबं अल्युमिनियमच्या तळाला लागलं की तळाला बारीक खड्डे पडू लागतात. अल्युमिनियमची बोट असेल तर औषध न मुरवलेलं लाकूड घेऊन त्यावर पक्कं आवरण चढवणं हाच मार्ग. औषधी लाकडाला बोल्ट स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेले हवेत. नुसता चकचकीत मुलामा दिलेले लवकर गंजतात. आणि असल्या फळीचे तुकडे कधीही जाळू नयेत, धूर विषारी असतो.

बोरेटचं द्रावण पाजण्याचाही सल्ला ऐकू येतो. वाळवी आणि कुजीवर बोरेट गुणकारी आहे, पण किड्यावर चालायला ते त्याच्या पोटात जावं लागतं. भुंगा लाकूड गिळतच नाही. वर बोरेट पाण्यात विरघळून निघून जातं. दर फेरीला पाण्यात बुडणाऱ्या फळीसाठी ते जवळजवळ वाया. लिंबूवर्गीय किंवा बदामाच्या तेलाचा वास भुंग्याला थोडे दिवस दूर ठेवतो, पण एका बुडीत धुऊन जातो. महिनोन् महिने कोरड्या उभ्या असलेल्या ट्रेलरला हवं तर अधूनमधून फवारावं. त्यावर विसंबू नये.

प्लॅस्टिकची फळी भुंगा कोरत नाही, हे खरं. पण ती लाकडाएवढी ताठ नसते, उन्हात अजून मऊ पडते, त्यामुळे आधार जवळजवळ लावावे लागतात. आणि वरचा पृष्ठभाग निसरडा असतो: उतारावर विंचचा (बोट ओढायच्या रहाटाचा) पट्टा आणि नाळेची साखळी आधीच सोडली तर बोट पाण्याऐवजी काँक्रीटवर उतरते.

चढवायची पद्धत

बोट पाण्यात असताना हे काम करणं सर्वांत सोपं. नाहीतर बोटीचं वजन स्वतंत्र भक्कम स्टँडवर घ्यावं, चाकांना अडसर लावावेत, एका वेळी एकच फळी काढावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या बोटीखाली जाऊ नये. ब्रॅकेटचा कोन आणि उंची मार्करने खुणेने नोंदवून ठेवली तर नवी फळी बोटीच्या तळाला तशीच बसते.

फळी कापून, भोकं पाडून, कडा ५ मिलिमीटर गोल करून, पॉलिशपेपर मारून पूर्ण कोरडी करावी. ओल्या लाकडावर आवरण चढवलं तर ओल आत कोंडते आणि फळी कुजते. भुंग्याचं काम बुरशी करते. बोल्टची भोकं १० मिलिमीटरऐवजी १४ ची पाडून दाट इपॉक्सीने भरावीत आणि वाळल्यावर त्यातून १० चं भोक पाडावं. बोल्टचा लाकडाशी संबंधच येत नाही आणि पाणी आत शिरत नाही. वरच्या बाजूला बोल्टचं डोकं १० मिलिमीटर खोल बसेल एवढा खड्डा करून तोही इपॉक्सीने लिंपावा. ३८ मिलिमीटरच्या फळीला एम-१० चा ५० मिलिमीटर लांबीचा गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट पुरतो.

टोकांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. तंतूंची तोंडं तिथे उघडी असतात आणि ती स्ट्रॉसारखं पाणी ओढतात. टोकांना पातळ इपॉक्सीचे तीन हात, आधीचा चिकट असतानाच पुढचा. दोन फळ्यांच्या चार टोकांना एका हातासाठी ५० ग्रॅम मिश्रण भरपूर होतं.

मग सगळ्या बाजूंना प्रायमरचा एक आणि तैलरंगाचे किंवा पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात. नुसतं स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) किंवा पारदर्शक तेल इथे कमी पडतं. भुंग्याला अडवायचं तर रंगाचा सलग थर हवा. २.४ मीटरच्या दोन फळ्यांचं सगळं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या आसपास येतं, तीन हातांचं पावणेचार. लिटरमागे १० चौरस मीटर धरले तर अर्धा लिटर रंग पुरून उरतो. तळ आधी रंगवावा. उलट क्रमाने गेलं की तळाच्या वेळेला हात आळसावतात.

आता रंगाच्या पुढची पायरी. रंग भुंग्याला परावृत्त करतो, चिलखत नव्हे. दगड उडून टवका उडाला की तेवढी जागा खुली. तळाला पूर्ण कार्पेट गुंडाळलं तर भुंगा अडेल, पण ओलं कार्पेट फळीला चहूबाजूंनी धरून बसेल. म्हणून तळाला स्टेनलेस स्टीलची जाळी. तीन-चार मिलिमीटर छिद्रांची, फळीपेक्षा थोडी अरुंद, म्हणजे ८५ मिलिमीटरची पट्टी. वारा लागतो, पाणी निथळतं, भुंगा शिरत नाही. ब्रॅकेट अल्युमिनियमचं असेल तर जाळी त्याच्यापासून सेंटिमीटरभर अलीकडे थांबवावी, खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडलेले बरे नव्हेत.

जाळीवर कार्पेटच्या कडा. आडव्या फळीला वरचे ८९ आणि दोन बाजूंचे ३८-३८ मिळून १६५ मिलिमीटर होतात. तळाला दोन्हीकडून २५ आत घ्यायचे तर २१५ रुंदीचं कार्पेट लागतं. मधे चार सेंटिमीटरची जाळीदार पट्टी उघडी राहते, ती राहू द्यावी. कार्पेट वर आणि बाजूंना जलरोधक गोंदाने चिकटवावं, स्टेपल फक्त तळाला, पाच-सहा सेंटिमीटरवर एक, १० ते १२ मिलिमीटर लांबीची स्टेनलेस पिन. प्रत्येक पिन रंगाला छेदते, म्हणून वरून पिना मारणं टाळायचं. टोकाला कार्पेट पुडीसारखं दुमडून खाली वळवावं. टोक उघडं सोडण्याची सवय कारखान्यातून आलेल्या ट्रेलरांवरही दिसते.

फळी बसवल्यावर नट घट्ट करावेत, पण वॉशर लाकडात रुतेल इतके नाही. रुतलेल्या वॉशरखाली रंग फुटतो. बोट चढवून पहिली फेरी झाली की नट एकदा पुन्हा बघावेत, नवं कार्पेट दबलेलं असतं.

पुढे थंड प्रदेशात वर्षातून एकदा, भुंगे फिरू लागण्याआधी, आणि उष्ण प्रदेशात वर सांगितल्याप्रमाणे दोन महिन्यांतून एकदा, आरसा-टॉर्च घेऊन तळ बघायचा, टवके उडाले असतील तिथे ब्रश फिरवायचा. त्या दिवसांत ट्रेलर एकाच जागी महिनाभर उभा ठेवण्यापेक्षा अधूनमधून हलवला आणि बोटीचं झाकण जमिनीपर्यंत लोंबू न देता वर बांधलं तर फळीखाली उजेड-वारा खेळतो. भोकाच्या खाली बाटली लावलेले लाकडी सापळेही मिळतात. वर तिरकं जाणाऱ्या भोकातून भुंगा आत शिरतो आणि उजेडाकडे जाता जाता खालच्या पारदर्शक बाटलीत पडतो. ते काम करतात, पण ट्रेलरला टांगले तर भुंग्यांना ट्रेलरकडेच बोलावणं होतं. लावायचेच तर दहा-पंधरा पावलं लांब.